कोऱ्या भिंतीत कमान: भ्रमचित्राच्या कामाच्या नोंदी

काम: बिनखिडकीच्या सपाट भिंतीवर खरी भासेल अशी रंगवलेली दगडी कमान, तिच्यापलीकडे फरशीचा सज्जा, कठडा आणि लांबचे डोंगर. भिंत ३.६ मी. रुंद, २.७ मी. उंच. दार समोरच्या भिंतीत, कमानीच्या मध्यापासून ४० सें.मी. डावीकडे. एकमेव खिडकी डाव्या भिंतीत, तिचा मध्य रंगवायच्या भिंतीपासून १ मीटरवर. डावं-उजवं सगळीकडे भिंतीकडे तोंड करून धरलं आहे. तास म्हणजे प्रत्यक्ष हात चालला तेवढेच, सुकण्याची वाट पाहिली ती मोजलेली नाही.

दिवस ०: मोजमाप (३ तास)

ब्रशच्या आधी ठरवायचं ते एकच. बघणारा कुठे उभा आहे? या खोलीत भिंत पहिल्यांदा दिसते ती दारातून, म्हणून तोच बिंदू धरला. भिंतीपासून ३.२ मी., डोळ्याची उंची १.५५ मी. जमिनीवर टेपची फुली मारली. काम संपेपर्यंत ती काढायची नाही, प्रत्येक तासाला एकदा तिथे जाऊन उभं राहायचं.

कमानीचा आकार मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवून रात्रभर ठेवला. रुंदी १.४ मी. धरली होती, सकाळी ती भिंत खाऊन टाकते आहे असं वाटलं. १.२ मी. केली. कमान जिथून वळायला लागते ती उंची १.६० मी., माथा २.२० मी. टेपचा हा खेळ फुकटचा आहे, पण यामुळे पुढची एक चूक तरी वाचली.

दिवस १ ते ३: भिंत (९ तास)

आधी ओल. ४५ × ४५ सें.मी. जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने बंद करून २४ तास ठेवलं. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले नाहीत. दिसले असते तर काम तिथेच थांबवायचं, कारण ओल्या भिंतीवरचं चित्र पोपड्यांसकट खाली येतं आणि तेव्हा कुठला प्रायमर वापरला होता याला काही अर्थ राहत नाही.

जुना रंग धरून आहे का ते पाहायला कटरने रंगात आडव्या-उभ्या चिरा पाडून वर टेप चिकटवला आणि ओढला. वर ठीक. स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायाशी असलेल्या लाकडी पट्टीच्या) वर साधारण ३० सें.मी. पट्ट्यात रंग चकत्यांनी निघाला, खाली जुना ऑइल पेंट होता. तो खरवडून काढला. चकाकी राहिली तिथे १२० नंबरचा पॉलिश पेपर.

मग सपाटी. २ मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी लावली तर मध्यभागी ४ मि.मी. खळगा. एरवी ४ मि.मी. कोणी बघत नाही. इथे बघतात, कारण खिडकीचा उजेड भिंतीला घासून येतो आणि खळग्याची खरी सावली रंगवलेल्या सावलीशी भांडते. रात्री टॉर्च भिंतीला टेकवून धरला की सगळे उंचवटे दिसतात, त्यांना पेन्सिलने गोल करून ठेवायचं. पुट्टीचे दोन हात, १८० आणि २२० चा पेपर, प्रायमरचा एक हात, पांढुरक्या मॅट इमल्शनचे दोन.

चूक: शेवटच्या हाताला लांब केसांचा रोलर घेतला. पोत दाणेदार आला. त्यावर बारीक रेघेचा ब्रश चालवून पाहिला तर दर दोन सें.मी.ला उडी मारतो. परत २२० चा पेपर, परत एक हात, या वेळी ६ मि.मी. केसांच्या रोलरने. अर्धा दिवस गेला.

दिवस ४: रेखाटन (६ तास)

आत जाणाऱ्या सगळ्या रेषा जिथे मिळतात तो लोपबिंदू बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर येतो, म्हणजे कमानीच्या मध्यापासून ४० सें.मी. डावीकडे, १.५५ मी. उंचीवर. तिथे खिळा ठोकला, खिळ्याला दोरी बांधली. ही युक्ती जुनीच. फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये इटालियन चित्रकार माझाच्चोने १४२७ च्या सुमारास रंगवलेल्या पवित्र त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) भित्तिचित्रात गिलाव्यावर कोरलेल्या रेषा आजही दिसतात.

फरशीच्या आडव्या ओळी डोळ्याच्या अंदाजाने काढू नयेत. अंदाजाने काढलेली फरशी हमखास चढाची दिसते. सूत्र:

भिंतीवरची उंची = डोळ्याची उंची − (फरशीपासून डोळ्याची उंची × बघण्याचं अंतर ÷ (बघण्याचं अंतर + आत किती))

३० सें.मी.ची फरशी धरून ०.३, ०.६, ०.९, १.२, १.५ मी. आतल्या ओळी आल्या १३.३, २४.५, ३४.०, ४२.३ आणि ४९.५ सें.मी.वर. रेषा दोरीने मारल्या, लाल खडूची भुकटी वापरून. लाल भुकटी घरात होती म्हणून. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे दोन दिवस याचीच किंमत मोजली.

दिवस ५: सगळं पुसलं (५ तास, सगळे वाया)

तीन चुका एकदम सापडल्या.

पहिली: स्कर्टिंग १० सें.मी. उंच आहे आणि ते कमानीच्या खालूनही जातं. खोलीची फरशी सज्जात सलग जाते असं दाखवलं होतं, पण मध्ये खरी लाकडी पट्टी आडवी. काल ती डोळ्यासमोर असून दिसली नाही. स्कर्टिंग कापणं हा एक मार्ग. त्यापेक्षा सोपा मार्ग घेतला, पलीकडची फरशीच १० सें.मी. वर धरली आणि कमानीला दगडी उंबरठा दिला. आता फरशीपासून डोळा १.४५ मी. नवीन ओळी, खोलीच्या जमिनीपासून मोजून: २२.४, ३२.९, ४१.८, ४९.५, ५६.३ सें.मी. कठडा दीड मीटर आत, ७५ सें.मी. उंच, भिंतीवर तो ५६.३ पासून १०७.३ पर्यंत येतो, म्हणजे फक्त ५१ सें.मी.

दुसरी: भिंतीची जाडी ४० सें.मी. धरली आहे, आणि कमानीची मागची कड पुढच्याच केंद्रावरून लहान त्रिज्येने काढली होती. म्हणजे दोन्ही बाजूंना जाडी सारखी, ६.७ सें.मी. समोरून बरोबर. पण बघणारा डावीकडे उभा आहे! ३.२ भागिले ३.६ (३.२ अधिक जाडीचे ०.४), म्हणजे ०.८८९ हे प्रमाण. प्रत्येक मागचा बिंदू लोपबिंदूकडे तेवढ्या प्रमाणात ओढायचा. डावी बाजू नुसती २.२ सें.मी. दिसते, उजवी ११.१. मागच्या वर्तुळाची त्रिज्या ५३.३ सें.मी., केंद्र ४.४ सें.मी. डावीकडे आणि अर्धा सें.मी. खाली. एक लाकडी पट्टी, एका टोकाला खिळा, त्रिज्येवर पेन्सिलीचं भोक. दोन्ही कमानी याच पट्टीने काढल्या. ही असमान जाडी कागदावर चुकीची वाटते. दारात जाऊन उभं राहिलं की कमान आत जाते.

तिसरी: लाल रेषा ओल्या फडक्याने पुसल्या. पुसल्या म्हणजे भिंतीत घासल्या. मॅट इमल्शन सच्छिद्र, भुकटी आत शिरली. गुलाबी डाग दिसत होते, रंगाखाली झाकले जातील असं वाटलं.

दुसऱ्यांदा रेषा एच पेन्सिलीने, हलक्या हाताने. फरशी तपासायला अर्ध-अंतराचा बिंदू वापरला. बघण्याचं अंतर लोपबिंदूपासून बाजूला मोजायचं असतं. पूर्ण ३.२ मी. भिंतीबाहेर पडतं, पण निम्मं, १.६ मी., लोपबिंदूच्या उजवीकडे त्याच उंचीवर भिंतीत मावतं. उंबरठ्याच्या रेषेवर ३० ऐवजी १५ सें.मी.च्या खुणा करून तिथून दोरी ताणली. एका खुणेतून लोपबिंदूला जाणारी रेषा आणि तिच्या डावीकडच्या शेजारच्या खुणेतून या बिंदूला जाणारी रेषा जिथे छेदतात, तिथूनच फरशीची पहिली ओळ जायला हवी. २ मि.मी.च्या आत जुळलं. पुरे.

दिवस ६: आकाश, प्रयत्न पहिला (४ तास, वाया)

तीन छटा, प्रत्येकी १५० मि.ली. वर अल्ट्रामरीन निळा, पांढरा आणि चिमूटभर रॉ अंबर हा मातकट तपकिरी. मधली त्यात दुप्पट पांढरा. क्षितिजाजवळ जवळजवळ पांढरा, त्यात यलो ऑकरचा थेंब. अ‍ॅक्रिलिक सुकल्यावर गडद होतो, म्हणून प्रत्येक छटा कार्डावर लावून हेअर ड्रायरने सुकवून मगच ठरवली.

आकाशाची उंची जेमतेम ५० सें.मी., रुंदी एक मीटरच्या वर थोडी. एवढंसं तर आहे म्हणून एकट्यानेच घेतलं, पंखा चालू. मधली छटा वरच्या छटेत मिसळायला गेल्यावर कडा आधीच सुकलेली. तीन पट्टे उमटले. त्यावर परत रंग ओढला तर खालचा अर्धवट सुकलेला उचलून आला. आणि एका तासाने, सगळं सुकल्यावर, डोंगर येणार होते त्याच्या वर गुलाबी रेषा. लाल खडू.

दिवस ७: आकाश, प्रयत्न दुसरा (६ तास, पैकी २ दुरुस्तीचे)

खडूवर आणखी रंग चढवून उपयोग नाही. पाण्यातला प्रत्येक नवा हात रंगद्रव्याला पुन्हा वर आणतो. डाग अडवणारा शेलॅकचा प्रायमर लावला, कमानीच्या आतल्या भागावर पूर्ण. नुसत्या रेषांवर लावला असता तर तिथे शोषण वेगळं होऊन पुन्हा पट्टे दिसले असते. वास तीव्र, खिडकी उघडी, ब्रश स्पिरिटमध्ये धुवावा लागतो.

आकाश या वेळी दोघांनी. पंखा बंद. रंगात रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव), बाटलीवर दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त नाही. जास्त झाला तर थर दिवसभर चिकट राहतो. एक जण १०० मि.मी. ब्रशने छटा लावत पुढे, दुसरा कोरड्या मऊ ब्रशने कडेवर मोठे फुलीसारखे हात मारत मागे. अधूनमधून पाण्याचा बारीक फवारा. पंधरा मिनिटांत झालं. तीन दिवसांतलं हे सगळ्यात छोटं काम.

दिवस ८: डोंगर, कठडा, फरशी (७ तास)

क्षितिज डोळ्याच्या उंचीवर, १.५५ मी. यात तडजोड नाही. क्षितिज २० सें.मी. वर नेलं की बघणारा खड्ड्यात उभा वाटतो.

डोंगरांच्या तीन रांगा. लांबची आकाशापेक्षा जेमतेम एक छटा गडद. हात शिवशिवतो झाडं काढायला, ती काढू नयेत. दूरची गोष्ट जितकी सांगाल तितकी जवळ येते. जवळच्या रांगेवर काही झाडं काढली होती, फुलीवरून पाहिल्यावर ती कठड्यावर चिकटवलेल्या कागदासारखी दिसली. स्पंज ओला करून अर्धी पुसली, आता बरी आहेत.

फरशीचे सांधे पुढे ३ मि.मी., शेवटच्या ओळीत १ मि.मी. पण नाही. सांध्याची जाडी सारखी ठेवली तर गणिताने काढलेली फरशीही उभी दिसते.

दिवस ९ आणि १०: दगड (१२ तास)

पाच भांडी, झाकणांवर नंबर. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, रॉ अंबर, थोडा अल्ट्रामरीन यांतून:

१: उजेडाची कड, १०० मि.ली.
२: दगडाचा मूळ रंग, १ लिटर
३: अर्धी सावली, ४०० मि.ली.
४: सावली, ३०० मि.ली.
५: सांध्याची गडद रेघ, ५० मि.ली.

काळा यात नाही. काळा घातला की सावली शाईसारखी दिसते, अंबर आणि अल्ट्रामरीनने ती हवेत राहते.

कमानीभोवतीची दगडी पट्टी १२ सें.मी. रुंद. अर्धवर्तुळात नऊ दगड, प्रत्येक २० अंशांचा. आतली कड २०.९ सें.मी., बाहेरची २५.१. विषम संख्या हवी, नाहीतर माथ्यावर दगडाऐवजी सांधा येतो. दोन्ही खांबांना ३० सें.मी.चे पाच थर.

पोतासाठी स्पंज. पहिल्या दगडावर मोठ्या छिद्रांचा स्पंज मारला आणि तो दगड कमानीपुढे अर्धा मीटर येऊन उभा राहिला. पोताचं माप अंतराशी जुळावं लागतं. बारीक स्पंज, ३ आणि २ नंबरचा रंग निम्मा पाणी घालून, वर टूथब्रशने शिंतोडे. शिंतोड्यांआधी आकाश झाकायचं, हे पहिल्या दोन झटक्यांनंतर आठवलं. ताजे असतात तोवर ओल्या कापसाने निघतात.

टेपच्या कडेखाली रंग शिरू नये म्हणून टेप लावल्यावर आधी त्याच्या कडेवर खालचाच रंग फिरवायचा. जे शिरायचं ते आपल्याच रंगाचं शिरतं. टेप रंग ओलसर असताना, भिंतीलगत उलटा दुमडून, सावकाश काढायचा. एकदा रात्रभर राहिला आणि आकाशाचा नाण्याएवढा तुकडा घेऊन आला.

दिवस ११: सांधे (६ तास, पैकी दीड वाया)

लायनर ब्रश आणि तिरप्या कडेची पट्टी, तिरपी कड खाली, नाहीतर रंग पट्टीखाली ओढला जातो. गडद रेघ २ मि.मी., उजळ रेघ १ मि.मी.

सांधा म्हणजे खाच. उजेड डावीकडून वरून. आडव्या खाचेत वरच्या दगडाची खालची कड अंधारात, खालच्या दगडाची वरची कड उजेडात. म्हणून गडद रेघ वर, उजळ खाली. उभ्या खाचेत गडद डावीकडे, उजळ उजवीकडे. उजव्या खांबाचे तीन सांधे उलटे झाले. एवढासा फरक, पण खाच उलटून दगडावर दोरी बांधल्यासारखी फुगली. जवळून हे कळत नाही. सहा पावलं मागे गेल्यावर कळलं, तोवर तिन्ही सुकले होते. माथ्याकडच्या तिरक्या सांध्यांवर तर हात हमखास गोंधळतो, म्हणून प्रत्येक सांध्याजवळ पेन्सिलीने उजेडाचा छोटा बाण काढून ठेवला. हे आधीच करायला हवं होतं.

सगळ्या उजळ रेघा पूर्ण लांबीच्या काढू नयेत. मध्येच तुटू द्याव्या. अखंड रेघ छापील दिसते.

दिवस १२: सावल्या (५ तास)

नकाशे काढताना सावली ४५ अंशांवर धरतात, ३ सें.मी. पुढे आलेल्या पट्टीची सावली ३ सें.मी. तशीच काढून पाहिली. कमान भिंतीवर खिळ्याने ठोकलेल्या पाटीसारखी दिसली.

मग ३ सें.मी. जाड लाकडी ठोकळा उजव्या खांबाच्या बाहेरच्या कडेला चिकटवला आणि दिवसा त्याची खरी सावली मोजली. सात ते आठ सें.मी., उजवीकडे, जवळजवळ आडवी. गणितही हेच सांगतं: त्या कडेपासून खिडकी बाजूला अडीच मीटर आणि भिंतीपासून फक्त एक मीटर पुढे, म्हणजे सावली जाडीच्या अडीच पट. ठोकळ्याला टेकलेली सावलीची कड धारदार होती, टोकाला ती विरघळलेली. हा ठोकळा दिवसभर भिंतीवर ठेवला आणि शेजारी रंगवलं. याहून चांगला गुरू नाही.

सावली ग्लेझने: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर, एक भाग रंगाला सहा भाग ग्लेझ मीडियम. पारदर्शक थर असल्याने तीच सावली दगडावरून भिंतीवर जाताना खालचा रंग टिकवते, वेगळं मिश्रण करावं लागत नाही. तीन पातळ हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा थोडा आखूड, त्यामुळे टोक आपोआप मऊ होतं. एकाच जाड हातात केली तर कडेला गडद रेषा साचते.

डाव्या खांबाची आतली २.२ सें.मी.ची बाजू अंधारात. तिच्या खालच्या भागात, फरशीवरून उसळलेल्या उजेडाची, ऑकरची अगदी पुसट झाक दिली. लोक हे बघत नाहीत, पण काढून टाकलं की काहीतरी मेल्यासारखं वाटतं.

दिवस १३: रात्र (४ तास)

दिवसा जमलेलं रात्री मोडलं. छताच्या मध्यावरचा दिवा वरून उजेड टाकतो. ठोकळ्याची खरी सावली खाली पडते, रंगवलेली उजवीकडे. शिवाय दिवा ३००० केल्विनचा, पिवळा. आकाशाचा निळा करडा झाला, सावलीतला अल्ट्रामरीन गेला.

सावली बदलण्यापेक्षा दिवा बदलणं स्वस्त. डाव्या भिंतीवर खिडकीशेजारी १.६ मी. उंचीवर दिवा दिला, ४००० केल्विन, रंग नीट दाखवणारा, सी.आर.आय. ९० च्या वर. छताचा दिवा वेगळ्या बटणावर. दिवा हलवणं शक्यच नसेल तर सावल्या फिक्या आणि आखूड ठेवाव्या लागतील, आणि मग कमान दोन्ही वेळी अर्धीच पटेल. रंग मिसळणंही शेवटी ज्या उजेडात चित्र राहणार त्याच उजेडात करायचं.

दिवस १४: बाजूची भिंत (५ तास, दुरुस्तीतच धरले)

इतकं करूनही आकाश कागदासारखं. फोनवर फोटो काढून रंग काढून टाकला, नुसता काळा-पांढरा. कारण दिसलं: कमानीभोवतीची पांढुरकी भिंत आकाशापेक्षा उजळ. बाहेरचा उजेड आतल्या भिंतीपेक्षा कमी असेल तर ते बाहेर कसं? आकाश आणखी पांढरं करून उपयोग नाही, रंगाला पांढऱ्याच्या पुढे जाता येत नाही. भिंत खाली आणावी लागते.

उरलेली भिंत मध्यम उबदार करड्या रंगाने, दोन हात, दोन्ही मिळून पावणेदोन लिटर. दुसरा हात सुकत असतानाच आकाश पेटलं. अख्ख्या कामात सर्वांत मोठा फरक ज्याने पडला तो रोलरचा एक साधा रंग, आणि तो दिवस ३ लाच लावता आला असता. सावल्यांचा भिंतीवरचा भाग अर्थातच झाकला गेला, तो पुन्हा ग्लेझ केला.

फोनच्या फोटोबद्दल एक. छटा तपासायला उत्तम, भ्रम तपासायला नाही. कॅमेऱ्याला एकच डोळा, त्याला सपाट भिंत कळत नाही. दोन डोळ्यांना तीन मीटरवरून कळते. फोटोत फसवणारी कमान खोलीत फसवेलच असं नाही.

दिवस १५: बाजूचे चौकट-पॅनेल (५ तास)

कमानीच्या दोन्ही बाजूंना खोट्या लाकडी गोल्यांच्या (उठावाच्या पट्ट्यांच्या) चौकटी, ५ सें.मी. खोल. यावर फार वेळ गेला नाही आणि हेच सगळ्यात जास्त फसवतं, लोक हात लावून बघतात. हिशोब असा. फुलीपासून मीटरभर उजवीकडे सरकलं तर ४० सें.मी. जाडीच्या खऱ्या कमानीची मागची कड ११ सें.मी. सरकायला हवी. चित्रात ती जागची हलत नाही, डोळा लगेच पकडतो. ५ सें.मी. खोल चौकटीत हाच फरक दीड सें.मी., तो कोणी मोजत नाही. रोमच्या सांत इग्नात्सिओ चर्चमध्ये चित्रकार आंद्रेआ पोत्सोच्या छतचित्रासाठी, कुठे उभं राहून बघायचं ते दाखवणारी संगमरवरी चकती जमिनीवर आहे. तिच्यावरून हललं की रंगवलेले खांब कलतात. एवढ्या मोठ्या कामाला जे टळलं नाही ते इथे टळणार नव्हतं.

हीच भिंत पुन्हा करायची तर कमानीची जाडी २० सें.मी. धरावी. फरक निम्म्यावर येतो, सहा सें.मी.च्या आत.

दिवस १८ आणि १९: वॉर्निश (३ + ३ तास, दुसरे ३ वाया)

तीन दिवस सुकू दिलं. वॉर्निश लागतंच, कारण इमल्शन मॅट, अ‍ॅक्रिलिक किंचित चकचकीत, ग्लेझ त्याहून जास्त. खिडकीच्या उजेडात तिन्हींचे ठिगळ वेगळे दिसतात आणि भ्रम तिथेच फुटतो.

मॅट वॉर्निशमध्ये चकाकी मारणारी पूड तळाशी बसते. डबा हलवला, ढवळला नाही. वरचं पातळ आधी संपलं, तळातलं दाट उजव्या खांबावर गेलं. सुकल्यावर सावल्यांवर दुधी धुकं, गडद भागात सगळ्यात जास्त. दुसऱ्या दिवशी त्या भागावर ग्लॉस वॉर्निशचा पातळ हात दिला. धुकं गेलं, चकाकी आली. त्यावर तळापासून नीट ढवळलेल्या मॅटचा एकच पातळ हात, ६ मि.मी. मायक्रोफायबर रोलरने. फोमचा रोलर बुडबुडे सोडतो.

एकूण ८३ तास, पैकी साडेवीस तास चुका निस्तरण्यात. सामान: इमल्शन पावणेसहा लिटर (भिंतीसकट), प्रायमर १ लिटर, शेलॅक प्रायमर अर्धा लिटर, अ‍ॅक्रिलिक रंग सगळे मिळून सव्वादोन लिटरच्या वर, ग्लेझ मीडियम ७५० मि.ली., वॉर्निश १ लिटर, टेपचे चार रोल. अ‍ॅक्रिलिकपैकी पाव उरला, वॉर्निश अजिबात नाही.

दिवस ४५: पाहणी

स्कर्टिंग आणि उंबरठ्याच्या मध्ये केसाएवढी फट. लाकूड हलतं, भिंत हलत नाही. रंगवता येणारं सीलंट भरून वर २ नंबरचा रंग. खिळ्याचं भोक डोंगरात होतं. पुट्टी खाली बसून तिथे खळी पडली आहे, परत भरून जवळच्या रांगेच्या छटेचा एक टिपका दिला. पाच भांड्यांतला उरलेला रंग छोट्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून, झाकणावर नंबर टाकून ठेवला आहे. अर्धी बाटली ठेवली तर आतली हवा रंगावर साय धरते.